दोन खुर्च्यांची यंत्रं

नगरकडच्या आमच्या साखर कारखान्यातला तो कारकून मला यंत्रशाहीचा हस्तक वाटायचा. मी कामगार युनियनचा; त्याच्याविरुद्ध पत्रकंही वाटली होती. ऊसतोडीचा क्रम आता कॉम्प्युटर लावणार होता. कारखान्याचा स्वतःचा नव्हता; पुण्याचा किंवा मुंबईचा भाड्यानं, जो मोकळा सापडेल तो. कॉम्प्युटरसाठी त्यानं लिहिलेल्या सूचना दोन्हीकडं चालतील का, हे तो आधी कचेरीतच खुर्च्यांवर तपासायचा. डावी खुर्ची पुण्याचं यंत्र, उजवी मुंबईचं. पुण्याच्या खुर्चीत बसला की कागदावरचा रिकामा रकाना दिसताच ताठ होऊन अडायचा. मुंबईत तोच रकाना शून्य समजून भराभर पुढं जायचा. मग सूचना दुरुस्त करत राहायचा, आणि दोन्हीकडं उत्तर सारखं आलं की स्वतःवरच खूश.

एकदा एक संचालक आले. "मेव्हण्याचा ऊस आधी तोडायचा."

म्हणजे आधी लावलेल्यांचा ऊस उभा वाळणार. मी भांडायला उठलो. कारकून मात्र पुण्यात जाऊन बसला. "लागण उशिराची. नंबर शेवटचा." मग मुंबईत बसला. "शेवटचाच." उठून त्यानं हात जोडले. "मी केलं असतं अण्णा, पण दोन्ही यंत्रं न्हाई म्हनत्यात."

"तिसरं न्हाई का?"

"हाय की." त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "तुमी बसा. लागणीच्या तारखा मी सांगतो, नंबर तुमी काढा."

अण्णा खरंच बसले. बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, "शेवटचाच येतोय की."