पिठावर उमटलेली मुंगी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला भला माणूस समजायला नको. सहासष्ट-सदुसष्टच्या सुमारास मी बालाघाटच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे पोरांना बेडूक फाडून दाखवायचे, झुरळं टाचणीला लावायची आणि लेक्चररच्या मागे ट्रे घेऊन फिरायचं. मला लेक्चरर व्हायचं होतं. त्यासाठी स्वतःचा एखादा शोध हवा असं मी मनाशी धरलं होतं, आणि मुंग्यांचा नाद मला लहानपणापासूनच. खिशात भिंग असायचंच. गावातली माणसं पाठीमागे मुंगीमास्तर म्हणून हसायची, हसू द्या.

शोध लागला. पण तो कसा लागला, हे कॉलेजात मी कधी खरं सांगितलं नाही.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. माहेर परसवाड्याच्या वाटेवर, मँगनीजच्या खाणीला लागून. चहूकडे धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, आणि जंगल, आणि मधेच खाणीतून काढून टाकलेल्या काळ्या दगडांचा हा थोरला ढीग. गावात त्याला ढेर म्हणत. त्यावर गवताची काडी उगवत नसे. सासूबाईंचं घर गावाच्या टोकाला, ढेराच्या पायथ्याशीच.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. माझी बहीण लालबर्ऱ्याहून टोपडं-झबलं घेऊन येणार होती, आत्याच कानात नाव सांगते म्हणून. नाव बायकोनं मनात ठरवून ठेवलं होतं, पण बारशाआधी कोणाला सांगायचं नाही, मलाही नाही. नवव्या दिवशी पोर दूध ओढेनाशी झाली आणि संध्याकाळपर्यंत गेली.

एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत. ढेराच्या कडेला पुरलं, वर दगड रचले, बोरीच्या काट्या ठेवल्या. खड्डा मी आणि सासऱ्यांनी खणला. मी रडलो नाही, उलट सासऱ्यांवर खेकसलो, की खड्डा पुरेसा खोल नाही. ती माझी रीत.

मोठं माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी ते निजलं होतं त्या जागी पीठ पसरतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठावर कशाच्या खुणा उमटल्या. पाखराचा पाय दिसला तर जीव पाखरात गेला, सरपटलेली रेघ दिसली तर सापात. लेकरांसाठी हे करत नाहीत. ज्याला नावच नाही त्याला कशाचा जन्म, असं म्हणतात. पण बायको तीन दिवस जेवली नव्हती, बोलली नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडून होती. सासूबाईंनी कोणाला न विचारता तांदळाचं पीठ चाळलं आणि खाटेखाली पसरलं.

"हे काय चालवलं आहे?" मी ओरडलो.

"तुमी तिकडं कॉलेजात ओरडा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "हे माह्यं घर होय."

सकाळी उन्हं आत आल्यावर टोपली उचलली. चार बायका वाकल्या. कोणाला काही दिसेना. एक म्हणाली काहीच नाही, दुसरी म्हणाली चिमणी असन. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी तं बारीक बारीक पाहता. पाहा न एक डाव."

मला वाटलं, बरं झालं, आता या खुळाची हवाच काढून टाकतो. भिंग घेऊन उकिडवा बसलो. तिरपं ऊन पिठावर पडलं होतं, आणि त्यात बारीक टिंबांची एक ओळ होती. मुंगी. पण आमच्याकडची काळी मुंगी, मुंगळा, लाल मुंगी, सगळ्यांची चाल मला पाठ. ही ढांग लांब होती. पोट कुठे घासलेलं नव्हतं. अशी उंच पायांवर पळणारी मुंगी मी जन्मात पाहिली नव्हती. अंगावर काटा आला तो दुसऱ्याच गोष्टीनं. ओळ पिठाच्या मधोमध सुरू होत होती आणि बाहेर जात होती. आत येणारी खूण एकही नव्हती.

टोपलीतून खाली पडली असेल, हे मी तेव्हाच स्वतःला सांगितलं. अजूनही सांगतो. पण तोंडातून निघून गेलं, "मुंगी आहे. पण अशी मुंगी इथे नाही. अशी मी कुठेच पाहिलेली नाही."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. खाटेवर हालचाल झाली. बायको कोपरावर टेकून उठली होती.

"पहिले कोणीच नाई पाह्यली?" तिनं विचारलं. तीन दिवसांतले तिचे पहिले शब्द.

"नाही," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

तिनं आईकडे पेज मागितली आणि वाटीभर प्याली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मी काय सांगणार होतो, कप्पाळ!

ती मुंगी मला स्वस्थ बसू देईना. लोकांना वाटलं मास्तर दुःखानं भटकतो आहे. दुःख होतंच हो, पण खरं सांगतो, निम्मं त्या मुंगीचंच वेड होतं. घराचा कानाकोपरा धुंडाळला, बांधी पाहिली, झाडं पाहिली. मग चैत संपता संपता, एका दुपारी बारा वाजता, ढेरावर चढलो. त्या वेळेला तिथे कोणी जात नसे. मध्यान्हीला ढेर माणसाला ओढतो, असं गावात म्हणत. खाणीचे मजूरसुद्धा लांबून वळसा घालून जात. दगड इतके तापले होते की चपलेतून तळवा भाजत होता. पाखरू नाही, पान नाही, आवाज नाही. माझाच श्वास मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटू लागला.

आणि त्या काळ्या तव्यावर मुंग्या पळत होत्या. लांब पायांच्या, पोट आभाळाकडे उचललेल्या. इतक्या झपाट्यानं, की नजर पोचेपर्यंत दुसरीकडे. उन्हानं मेलेला एखादा किडा उचलायचा आणि पळायचं. पुस्तकात यांचे भाऊबंद मी पाहिले होते, ते राजस्थानच्या वाळूतले. इथे धानाच्या मुलखात कुठून आले? खाणीनं जंगलाच्या मधोमध एवढंसं वाळवंट करून ठेवलं होतं, आणि ते यांना सापडलं होतं. पळता पळता एखादी मधेच थांबायची, जागच्या जागी गर्रकन फिरायची आणि मागे पाहायची. अगदी थेट पाहते आहे असं वाटायचं.

त्यांच्या मागोमाग मी ढेराच्या कडेला उतरलो, तर तिथे बायको बसली होती.

डोक्यावर पदर, समोर पिठाची पुडी. लेकरावर रचलेल्या दगडांपासून हातभर अंतरावर वारुळाचं भोक होतं, आणि भोकाभोवती तिनं पिठाचं कडं घातलं होतं. मला पाहून ती दचकलीही नाही.

"किती दिवस येते आहेस तू इथे?" मी विचारलं.

"रोजच येतो. बाराच्या टायमाले. तवाच निंघते ते."

मुंग्यांनी पिठाला तोंड लावलं नव्हतं. एकेक भोकातून बाहेर यायची, कड्याच्या काठाशी गर्रकन फिरायची, तिच्या बाजूला तोंड करून क्षणभर उभी राहायची आणि मग पळायची.

"पाह्यलं?" ती हळूच म्हणाली. "माह्याकडं पाहून राह्यली."

ती मुंगी घराची जागा लक्षात ठेवत असते. बाहेर पडताना वळून खुणा पाहून घेते, म्हणजे परतताना भोक चुकत नाही. हे मला माहीत होतं. माझ्यासारख्या तोंडाळ माणसानं तोंडात मूग धरले, ते आयुष्यात त्या एकदाच.

मी खिशातून नळी काढली, स्पिरिट भरलेली. तिनं पाहिलं.

"काय करता?"

"दोन-चार नेतो. तपासायला."

"कोणती नेसान?"

"कोणतीही. सगळ्या सारख्याच आहेत."

"मंग ते त्यातली नव्हं, हे तुमाले कसं मालूम?"

याचं उत्तर प्राणिशास्त्रात नाही. नळी खिशात घातली. दुसऱ्या दिवशी ती घरी परतल्यावर गेलो आणि चोरून डझनभर उचलल्या. स्पिरिटमध्ये पडताच त्यांचे पाय एकदम आवळले गेले.

भिंगाखाली रात्रंदिवस मापं घेतली. डोकं, जबडा, पायाचा प्रत्येक सांधा, अंगावरची रुपेरी लव. कागदावर काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. मग दूरच्या एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला नमुने आणि वर्णन पाठवलं. उत्तर यायला पावसाळा गेला, हिवाळा गेला. पत्र आलं ते मी दारातच फोडलं. वाळवंटी मुंग्यांच्या कुळातली ही जात आजवर कोणी नोंदलेली नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. काम पुरं व्हायला वारुळातली राणी हवी. ती मिळाली तर वर्णनाखाली तुमचं नाव येईल. आणि जातीला नाव काय द्यायचं, ते सुचवण्याचा मानही तुमचाच.

प्रिन्सिपल साहेबांनी पत्र वाचून पाठ थोपटली. "राणी आणा, पुढचं मी बघतो," म्हणाले. त्यांचा अर्थ मला चांगला कळला.

राणी आणायची म्हणजे वारूळ खणायचं. बायको तेव्हा बालाघाटला परत आली होती. संसार चालू होता, हसत-बोलत होती. पण दर आठ-पंधरा दिवसांनी माहेरी जायची आणि परतली की चेहरा निवळलेला असायचा. तिच्या जगण्याचा टेकू ते भोक होतं. हे मला पक्कं माहीत होतं. मला कळलं नव्हतं अशी सबब मी देणार नाही.

तरी गेलो. ती घरी असताना, कॉलेजच्या कामाला जातो सांगून, वैशाखात भर दुपारी. पहार लागली की दगडांतून पोकळ आवाज यायचा, खाली खोली असल्यासारखा. हात-दीड हात गेल्यावर मुंग्या उसळल्या. चावल्या नाहीत, तेच भयंकर होतं. तांदळाच्या दाण्यांएवढे पांढरे कोश तोंडात धरून त्या ओळीनं पळत सुटल्या, आणि सगळ्याच्या सगळ्या लेकरावरच्या दगडांत शिरल्या. इतका मोठा ढेर मोकळा पडला होता.

राणी सगळ्यात खाली होती. मोठी, काळपट, पंख गळालेली. पळाली नाही. चिमट्यात धरली तेव्हा ती फक्त एकदा वळली. मी बाटलीत टाकली, खड्डा बुजवला आणि मागे न पाहता मिळेल त्या बसनं घरी आलो.

बाटली पुस्तकांमागे लपवली होती. बायकोला तिसऱ्या दिवशी सापडली. मी कॉलेजातून आलो तर ती खिडकीत बसून माझ्या भिंगातून पाहत होती.

"हे कोण होय?" तिनं विचारलं.

"राणी."

"राणी म्हंजे?"

खोटं सुचलं नाही. "वारुळातल्या सगळ्यांची आई. त्या एकूणएक हिच्या पोटच्या."

ती पुन्हा भिंगावर वाकली. मी शिव्यांची वाट पाहत होतो. मनात म्हणत होतो, घाल बाई, घाल.

"म्हंजे माय काढून आणली तुमी," ती म्हणाली. "लेकरू मेलं तरी माय जगते. मी जगूनच राह्यली न? पन मायच नेली त मागं कोण राह्यते?"

"वारूळ वर्षभरात संपतं," मी म्हटलं. शास्त्र तोंडातून आपसूक निघालं. लाज वाटली, रडूही आलं, आणि पोर गेल्यावर पहिल्यांदाच मी तिच्यासमोर रडलो. तिनं समजूत घातली नाही. का घालावी?

पत्र टेबलावरच होतं. तिनं त्याच्याकडे बोट केलं. "नाव ठेवाचं हाय म्हने हिचं?"

"हो. मला विचारलं आहे. मी म्हणत होतो, तू आपल्या पोरीसाठी जे ठरवलं होतं..."

तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. बाटली मांडीवर आडवी धरली, तान्ह्या बाळाच्या मानेखाली हात देतात तशी. बूच काढलं. स्पिरिटचा वास खोलीभर झाला. पदर पुढे ओढून ती वाकली, बाटलीच्या तोंडाला ओठ लावले, बारशाला करतात तसं हळूच 'कुर्र' केलं, आणि काहीतरी म्हणाली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मग तिनं बूच लावलं, बाटली माझ्या हातात दिली आणि पदरानं हात पुसले.

"ठेवलं नाव," ती म्हणाली. "आता न्या."

"काय ठेवलं?"

"तिच्या लेकरायले विचारा."

मी बाटली पाठवली. नाव तुम्हीच द्या, असं पत्रात लिहिलं, आणि त्यांनी काळ्या दगडावरून काहीतरी लांबलचक दिलं. वर्णनाखाली माझं नाव आलं. पुढच्या वर्षी मी लेक्चरर झालो. बायकोनं त्या दिवशी गोडाचं केलं आणि मला वाढलं, स्वतः घेतलं नाही.

लेक्चरर झालो त्या वर्षीच्या वैशाखात मी एकटाच ढेरावर गेलो. बारा वाजले, एक वाजला. पायाखाली दगड पोळत होते, कुठे काही हलत नव्हतं. भोकाची जागा सपाट झाली होती. शेवटी लाज सोडून मी लेकरावरच्या दगडांपाशी गुडघे टेकले आणि मोठ्यानं विचारलं, "काय नाव होतं गं?"

दोन वाजेपर्यंत थांबलो. खालून कोणीच वर आलं नाही.