तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

ऑरिन ट्वेट एकेचाळीस वर्षं स्टोरवाटनच्या धान्यकोठारावर व्यवस्थापक होता, आणि एवढ्या वर्षांत शेतकऱ्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला: "आज विकू का?" त्याचं उत्तरही एकच असे. "थोडं थांब." मका असो की सोयाबीन, भाव मनासारखा होईपर्यंत गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा पश्चिम मिनेसोटात कोणी नव्हता. आणि आमच्याकडे गप्प बसणाऱ्यांची वानवा नाही.

निवृत्तीनंतर हा गुण पडून होता. मग त्याच्या बायकोची, आर्डिसची, पाठ बिघडली. दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी तासाभरापेक्षा जास्त तिला सरळ बसवत नसे. तपासणीच्या शेवटी तिने डॉक्टरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "नॉर्वेला जाता येईल का हो मला?"

"विमानात आडवं पडायची सोय असेल तर खुशाल जा," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर विसरा."

बायकोला नॉर्वेला जायचंय हे ऑरिनला त्या खोलीत, भिंतीवरच्या मणक्याच्या चित्राखाली, पहिल्यांदा कळलं. लग्नाला तेव्हा एकोणपन्नास वर्षं झाली होती.

आर्डिसचे आजोबा नॉर्वेतल्या ज्या शेतावरून अमेरिकेला आले, त्या शेतावर तिची लांबची बहीण बोर्गहिल्ड अजून राहत होती. शाळेत असल्यापासून दोघींची पत्रं चालू होती. भेट एकदाही झालेली नव्हती. बोर्गहिल्डला एक्क्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती आणि तिच्या पत्रांत हल्ली हवापाण्यापेक्षा औषधांची नावं जास्त येत.

आडवं पडून अटलांटिक ओलांडायचा म्हणजे बिझनेस क्लास. आमच्या मंडळींत बिझनेस क्लासने जाणं हे चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसण्यासारखं आहे. बंदी कोणाची नाही, पण बसत कोणी नाही. शिवाय दोन तिकिटांच्या पैशांत बऱ्या अवस्थेतली पिकअप आली असती. ऑरिनने मात्र तक्रार केली नाही. त्याला पुन्हा नजर ठेवायला एक भाव मिळाला होता, आणि भाव म्हटला की वाट बघणं आलं.

दोन हिवाळे तो रोज पहाटे पाचला संगणकासमोर बसला. मिनिआपोलिसऐवजी शिकागोहून निघालं तर किती, ऑस्लोऐवजी कोपनहेगनला उतरून पुढे आगगाडीने गेलं तर किती, शुक्रवार सोडून मंगळवार धरला तर किती, हे त्याला तोंडपाठ झालं. विमानाच्या तिकिटात सूट देणारे गुण मिळतात म्हणून त्याने एक क्रेडिट कार्ड घेतलं आणि बागेतलं खतसुद्धा त्याच्यावर आणलं. भाडं जरा खाली आलं की आर्डिस दारातून विचारी, "काय म्हणतंय?"

"थोडं थांब," तो म्हणे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी भाडं कोसळलं. शिकागोहून कोपनहेगन, जूनमधला मंगळवार, शेजारशेजारच्या दोन आडव्या होणाऱ्या खुर्च्या, नेहमीच्या भावाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात. असलं भाडं दुपारपर्यंत टिकत नाही हे त्याला ठाऊक होतं. तो उठून स्वयंपाकघरात गेला. आर्डिस ओट्याला टेकून लेफ्सा, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पोळ्या, लाटत होती.

"मिळालंय," तो म्हणाला. "घेऊ का?"

"नको रे. एवढे पैसे माझ्या पाठीवर?"

"पैशांचं राहू दे. घेऊ?"

"नको. लोक म्हणतील, ट्वेट मंडळी फार मोठी झाली."

आता, आमच्याकडे केकचा तुकडासुद्धा तिसऱ्या आग्रहाशिवाय कोणी उचलत नाही. पहिला नकार सभ्यतेचा, दुसरा समोरच्याला मनापासून द्यायचंय की नाही हे बघण्यासाठी. तिसऱ्यांदा विचारलं की, "बरं, अगदी छोटासा दे." हे शिकवावं लागत नाही. ऑरिनने आयुष्यात हजारो वेळा केक वाढला असेल, पण एकदाही दुसऱ्या नकारावर ताट मागे घेतलेलं नव्हतं.

आर्डिसचं लाटणं थांबलं. तिने वर बघितलं नाही. पिठाचे हात तसेच ठेवून ती पोळीकडे बघत राहिली.

ऑरिनला लाटणं थांबलेलं दिसलं. पण भाडं उतरणीला लागलंय हेही त्याला दिसत होतं, आणि उतरत्या भावात घाई करायची नाही हे त्याच्या हाडात मुरलं होतं. दुपारपर्यंत टिकत नाही हे ठाऊक असूनही वाटलं, थोडं थांबलं तर आणखी उतरेल. शिवाय ती दोनदा नको म्हणालीच होती.

"बघू," तो म्हणाला, आणि कॉफी ओतून घेतली.

लाटणं पुन्हा चालू झालं.

अकरा वाजता भाडं पुन्हा चढून पहिल्या जागी जाऊन बसलं. त्याने जेवताना सांगितलं तेव्हा आर्डिस म्हणाली, "बरंच झालं की." लेफ्सावर तिने लोणी लावलं, साखर भुरभुरवली, गुंडाळी करून त्याच्या ताटात ठेवली. विषय संपला. सप्टेंबरात, अंथरुणातल्या अंथरुणात, झोपेतच तिचं हृदय बंद पडलं. एवढं शांतपणे, की आमच्याकडेसुद्धा लोकांनी त्याची वाखाणणी केली.

नोव्हेंबरात तो पातेली धरायची फडकी शोधत होता, तेव्हा खणात त्यांच्याखाली पासपोर्ट सापडला. आर्डिसचा, कोरा. फोटोत तिने निळी ब्रोच लावली होती, जी ती फक्त ईस्टरला लावायची. तारीख त्या फेब्रुवारीच्या आधीची, जानेवारीतली होती. आर्डिस गाडी चालवत नव्हती. ऑरिन पासपोर्ट घेऊन तसाच शेजारच्या डेलोरिसकडे गेला.

"तू नेलं होतंस तिला?"

"गोधड्या शिवायच्या दिवशी," डेलोरिस म्हणाली. "अर्जासाठी कचेरीत, आणि येताना तिला पाय मोकळे करायला तीनदा गाडी थांबवली. वाटेत केक खाल्ला आम्ही. लिंबाचा."

"मला का नाही सांगितलंस?"

"ऑरिन, अख्ख्या तळघराला माहीत होतं." तळघर म्हणजे चर्चचं, जिथे गोधड्या शिवल्या जातात आणि गावातलं सगळं कळतं. "तू विचारायची वाट बघत होतो आम्ही."

"विचारलं होतं मी."

"कितीदा?"

डेलोरिसने आत बोलावून कॉफी देऊ केली. त्याने नको म्हटलं, आणि तिने पुन्हा म्हणायच्या आत तो पायऱ्या उतरला.

नाताळात बोर्गहिल्डचा फोन आला. शाळेत शिकलेल्या इंग्रजीत ती म्हणाली की खालच्या मजल्यावरची खोली तिने वर्षाच्या सुरुवातीलाच आवरून ठेवली होती, पाठीला बरा म्हणून कठीण गादीचा पलंगही आणला होता. "ती नाही, तर तुम्ही तरी या."

"छे, तुम्हाला कशाला त्रास," ऑरिन म्हणाला.

"बरं," बोर्गहिल्ड म्हणाली, तब्येतीला जपा म्हणाली, आणि फोन ठेवला. तिच्या गावात एकदाच विचारत असावेत. ऑरिन बराच वेळ फोन कानाशी धरून होता.

हल्ली तो दर बुधवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी संगणक घेऊन बसतो आणि लोकांना स्कॅन्डिनेव्हियाची तिकिटं शोधून देतो. गावात आता पाठीचे, गुडघ्यांचे पुष्कळ झालेत, आणि पहिल्या बाकाची लाज थोडी कमी झाली आहे. गेल्या बुधवारी व्हर्लिन ओल्सन, बायको मार्लिसला घरी ठेवून, शेजारी बसला होता. गुडघा पुढच्या खुर्चीवर ठेवलेला. स्टॉकहोमचं भाडं पडलं होतं.

"एकच तिकीट घे," व्हर्लिन म्हणाला. "मार्लिस नको म्हणते."

ऑरिनने बटणावरचा हात काढून घेतला. "कितीदा विचारलंस?"

"दोनदा."

"घरी जा. विचारून ये."

"अरे, तेवढ्यात भाडं गेलं म्हणजे?"

"जाऊ दे."

व्हर्लिनला ती थट्टा वाटली. तो हसला, कॉफी प्यायला, पण ऑरिन संगणकाला हात लावेना, तेव्हा कुरकुरत लंगडत गेला. अर्ध्या तासाने परत आला.

"ती म्हणते, नको म्हणजे नकोच. तिला मासे आवडत नाहीत आणि माझे चुलतभाऊ तर त्याहून नाहीत. वर तीनतीनदा काय विचारतोस म्हणून चिडली. झालं समाधान?"

भाडं तोवर गेलेलं होतं. ऑरिनने संगणक मिटला.

"निदान तुला कळलं तरी," तो म्हणाला.