देवापुढचा नारळ

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी रत्नागिरीकडून नागपुरात आले, ती ट्रंकेत खवणी घेऊन. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "हे कायले वं?" नारळ खवायला, म्हटलं. "रोज?" त्या म्हणाल्या, आणि खवणी माळ्यावर गेली.

रामदासपेठेतल्या त्या घरात जेवणाची ददात नव्हती, हे आधीच सांगून टाकते. सुकं खोबरं, खसखस आणि तीळ भाजून वाटलेला रस्सा असा व्हायचा की टाळूला घाम फुटावा. वडाभात, पाटवडी, जवसाची चटणी, सगळं मी बोटं चाटून खाल्लं. पण ओल्या खोबऱ्याचा कण कशात म्हणून नसायचा. माहेरी आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, पोह्यांवर खोबरं. केसांना तेल त्याचंच आणि चुलीत जाळायला सालं, सोडणंही त्याचीच. इथे नारळ एक तर देवाचा, नाहीतर ओटीचा. सहा महिन्यांत माझी नुसती चिडचिड व्हायला लागली. जेवून उठलं तरी काहीतरी राहिलंय असं वाटायचं आणि मी डबे उघडून बघत बसायचे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मंग खोबऱ्याची बर्फी आणू का?" कपाळ माझं!

माघातली एक दुपार. सासूबाई नणंदेला घेऊन हळदीकुंकवाला गेल्या होत्या. देव्हाऱ्यात कुंकवाची पाच बोटं लावलेला एक नारळ होता. आमच्या माहेरी देवापुढचा नारळ दर शुक्रवारी फोडायचा, खोबरं स्वयंपाकात घालायचं आणि नवा ठेवायचा, अशी रीत. तीच मी इथे लावली. नारळ कानाशी हलवला तर तळाशी घोटभर पाणी डुचमळलं. आता ठेवला तर सुकून वाया जाईल, असं स्वतःलाच बजावलं. देवाचा नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मी मात्र तो वरवंट्यानं चक्क फोडला. हिरवी मिरची घालून चटणी वाटली आणि गरम भाताबरोबर ओट्याशी उभ्यानंच संपवली. इतक्या महिन्यांनी जिवाला बरं वाटलं. संध्याकाळी नवा आणून ठेवू म्हटलं.

तेवढ्यात दोघी परतल्या, त्याही हसतमुखानं. जवळच्या कन्हान गावची माणसं रविवारी नणंदेला बघायला येणार होती. याआधी दोन ठिकाणांहून तिला नकार आले होते आणि दुसऱ्या नकारानंतर ती आठवडाभर कुणाशी बोलली नव्हती. सासूबाई चपला काढता काढता म्हणाल्या, "यंदा जमलं तं देव्हाऱ्यातला नारळ देवीले वाढवून येऊ. पोरीच्या लग्नाचा नवस हाय थो."

त्या हातपाय धुवायला मागे गेल्या तशी सांभार आणते म्हणून मी सटकले. कोथिंबिरीला इथे सांभार म्हणतात, एवढं तोवर शिकले होते. बर्डीच्या बाजारात नारळवाल्यानं विचारलं, "पूजा का दूँ, के खाने का?" एकेक नारळ कानाशी हलवत भरपूर पाण्याचा निवडला, पदराखाली लपवून आणला आणि तशीच पाच बोटं ओढून देव्हाऱ्यात ठेवला. सांभार आणायला मात्र विसरले.

रविवारी पाहुणे आले, पोहे खाल्ले, "कळवतो" म्हणून गेले. पुढचे अकरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. एका जागी बसवेना. सायकलची घंटा वाजली की पोस्टमन आला म्हणून फाटकाशी धावायचे, पत्र नसलं की हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटायची. दोनदा भात करपवला. नणंद स्वतः शांत होती. मलाच विचारायची, "वहिनी, तुम्हाले काय होऊन राहिलं वं?" नकार आला तर तो माझ्या जिभेनं आणलेला असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

होकार आला. दुसऱ्याच दिवशी मी आणि सासूबाई देवीला गेलो. पुजाऱ्यानं नारळ आपटला तसं पाणी उसळून त्याच्या पायांवर गेलं. "देवीनं मानून घेतलं," तो म्हणाला. सासूबाईंनी हात जोडले. मी मान वर केली नाही.

परतताना रिक्षात मी कसंबसं "आई..." म्हटलं. त्यांनी पुढे बोलूच दिलं नाही.

"मले त्याच सांजेला समजलं होतं. थो नारळ मी रोज पुसत होती. त्याची शेंडी वळखू नाही येत का मले? अन् पाट्याले ओल्या खोबऱ्याचा वास येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलली असती, अन् कन्हानवाल्यांनी नाही म्हटलं असतं, तं जलमभर खापर तुह्याच डोक्यावर फुटलं असतं. अकरा दिवस मलेबी घास गोड लागला नाही." मग त्या रस्त्याकडे बघू लागल्या. माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, "पण माह्या घरात तू उपाशी होती, हे मले काहून नाही सांगितलं वं?"

मी त्या घरात रोज पोटभर जेवत होते. तेच सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं.