बर्फाच्या मोसमात लीव्ह नाही

"कॅप्टन लाइनवर आहे. आत जायचं की नाही, विचारतोय." आमचा मॅनेजर युसुफ याने फोन माझ्याकडे सरकवला. "तुझी वाइफ त्याच जहाजावर आहे, मला माहीत आहे. पण आइसचा कोर्स केलेला तू एकटा. दुसरा मफी, नाहीच कुणी."

मी शिप राउटिंगमध्ये आहे. जहाजं समुद्रात आणि आम्ही इथे आखातात, मीना सलमान बंदरावरच्या ऑफिसात. हवा, लाटा आणि बर्फ बघून कुठून जा, कुठे थांबा, हे आम्ही कळवतो. उन्हाळ्यात पर्यटकांची जहाजं ग्रीनलंडच्या हिमनद्या बघायला निघतात, त्यांचे आइस चार्ट माझ्या टेबलावर येतात. इथे बाहेर उन्हाने गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. घरी नळाला कढत पाणी येतं, म्हणून बंद गीझरमधलं पाणी गार समजून वापरायचं. आणि मी दिवसभर बर्फ बघत बसतो. प्रत्यक्ष पाहिलेला बर्फ म्हणाल तर फ्रीजमधला.

कारण साधं आहे. हिमनदीपर्यंत जहाज पोचतं ते उन्हाळ्यातच, आणि मोसमात आइसवाल्याला लीव्ह नाही. मेधाने, माझ्या बायकोने, दोघांनी मिळून हिमनदी बघायची म्हणून चार वर्षं वाट पाहिली. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते. तिला सुट्टी मिळते तीही उन्हाळ्यातच. शेवटी ती म्हणाली, "तू बस चार्ट बघत. मी ताईबरोबर जाते. तुझ्या वाटचंही बघून येते." मी हसलो खरा, पण एअरपोर्टवरून एकटा माहूजच्या घरी परतताना फार वाईट वाटलं.

तर मेधाचं जहाज आता फियॉर्डच्या तोंडाशी उभं होतं. फियॉर्ड म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली चिंचोळी खाडी. तिच्या टोकाला हिमनदी समुद्रात उतरते. चार्टवर खाडीत चार-दशांश बर्फ होता, म्हणजे दहातले चार भाग पाणी बर्फाने झाकलेलं. एवढ्यातून हे जहाज हळूहळू जातं. पण आत जाता येईल का, हा प्रश्न सोपा असतो. बाहेर येता येईल का, हा खरा. दुपारनंतर वारा समुद्राकडून आत वाहणार होता. तसा वाहिला की बाहेरचे तुकडे खाडीच्या तोंडाशी साचतात आणि जहाज आतच अडकतं. बाहेरून कुणी कडी घालावी तसं.

"वारा यायच्या आत जाऊन परत येतो," कॅप्टन म्हणाला. "पॅसेंजर सकाळपासून डेकवर उभे आहेत."

"वारा लवकर आला तर?"

"ते तू सांग."

मला सांगता येत नव्हतं. कॉम्प्युटरने काढलेले दोन अंदाज समोर होते. एक म्हणत होता दुपारी, दुसरा म्हणत होता त्याच्या बराच आधी. तेवढ्यात मोबाइलवर मेधाचा मेसेज आला. "दिसतेय रे. लांब टोकाला, पांढरी रेघ. सोडतोयस ना आम्हाला आत?"

मी मोबाइल उलटा ठेवला. फोनवर सांगितलं, "नॉट रेकमेंडेड."

शेवटचा निर्णय कॅप्टनचा असतो. पण आमचा सल्ला मोडून जहाज अडकलं, तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. "कॉपीड" म्हणून त्याने जहाज वळवलं. तासाभरात युसुफला क्रूझ कंपनीच्या मॅनेजरचा फोन. त्याचा आवाज मला पलीकडच्या टेबलावर ऐकू येत होता. युसुफने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्या ब्रोशरमध्ये खाली बारीक अक्षरात छापलंय, आइस आणि वेदर असेल तसं. खलास."

वारा त्या दिवशी आलाच नाही. तिथल्या संध्याकाळच्या सॅटेलाइट फोटोत खाडी तशीच मोकळी होती. मी तो फोटो बराच वेळ उघडा ठेवला. मेधाचा त्यानंतर मेसेज नव्हता.

ती परत आली. चहाला आधण ठेवून तिने फोन माझ्यासमोर धरला. ती पांढरी रेघ. दोन बोटांनी मोठी केली, आणखी मोठी केली, शेवटी नुसते ठिपके उरले. त्यातला काळा डाग मी ओळखला, वरून रोज बघतो ना. "हा खडक. याच्या डावीकडून बर्फ तुटून पाण्यात पडतो," मी सांगितलं.

"वारा आला नाही त्या दिवशी," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मी जहाजावर नसते तर हो म्हणाला असतास?"

"तू होतीस म्हणून तर हो म्हणावंसं वाटत होतं," मी म्हटलं. "इतकं कधीच वाटलं नव्हतं."

तिने गॅस बारीक केला. "पुढच्या वर्षीचा लीव्हचा अर्ज आजच टाक."

टाकला. युसुफ "इंशाल्ला" म्हणाला. आमच्या ऑफिसात त्याचा अर्थ 'नाही', हे सगळ्यांना कळतं.

यातून मी शिकलो ते एवढंच: ऑफिसात एखादं काम आपल्या एकट्यालाच येत असेल, तर त्याचा अभिमान धरू नये, लवकरात लवकर दुसऱ्याला शिकवावं. आता रोज दुपारी मी जोसेफ नावाच्या सहकाऱ्याला आइस चार्ट शिकवतो. तो भराभर शिकतोय. परवा त्याने विचारलं, "सर, आपने देखा है ग्लेशियर?"

"मेरी वाइफ ने देखा है," मी म्हटलं. "दूर से."