पांढऱ्या कुत्र्याचा खाऊ

नातसुनेने कुत्रा आणला आहे. त्याला शिकवायला ती पाकिटातला खाऊ देते. पाकिटावर त्याच जातीच्या कुत्र्याचे चित्र आहे. कुत्रा खाऊ हुंगतो आणि निघून जातो. मग ती मला विचारते, "आजी, याला काय देऊ?" मला कुत्र्यांचे कौतुक नाही. पण या कामात मी एकदा पुष्कळ डोकेफोड केली आहे, म्हणून लिहिते.

आम्ही तेव्हा कशेळीला राहत होतो. घर रस्त्याला लागून. ठाण्याकडून भिवंडीला सूत घेऊन जाणारे आणि तिकडून कापड घेऊन येणारे ट्रक आमच्या ओट्यासमोरून जात. लढाई होऊन गेली होती, पण विमानांच्या भीतीने खिडकीच्या काचांना चिकटवलेला काळा कागद अजून पुरता निघाला नव्हता. रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळत होती. नवरा भिवंडीत लूमवर ड्युटीला जाई. घरी सासू आणि मी. सासरे वारले होते, पण घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव त्यांचेच.

एक दिवस नवरा शिफ्टवरून आला तो पिशवीत कुत्रा घेऊन. पांढरा, झिपरा, मांजराहून थोडा मोठा. लूमच्या मालकिणीला त्याचा कंटाळा आला होता. ती म्हणाली होती, "ले जाओ इसको, नहीं तो ड्रायवर से बोलके कहीं छुड़वा दूँगी."

सासू ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. "ह्यो कुत्रा हाय का कापसाचं बोंड?"

"राखण करील," नवरा म्हणाला.

"कोनाची? उंदरांची?"

कुत्र्याला एक वाईट खोड होती. ट्रकचा भोंगा वाजला की तो ओट्यावरून उडी मारून रस्त्यावर धावायचा आणि चाकांवर भुंकायचा. हाक मारली तर कान हलवायचा, यायचा नाही. एकदा तर ट्रकच्या पोटाखालून पलीकडे गेला आणि शेपटी हलवत परत आला. त्या दिवशी सासूने सांगून टाकले.

"गनपतीला घर भरतं. सगल्यांची पोरं येतात. ह्याच्या मागं एक पोर रस्त्यावर धावलं तर काय करशील? हाकेला येत न्हाय तो जीव घरात नको. गनपतीच्या आत शिकव, न्हायतर जिथून आनला तिथं धाड."

जिथून आणला तिथे म्हणजे ड्रायव्हरच्या हाती, हे मला माहीत होते.

मला तो कुत्रा हवा होता. लग्नाला बरीच वर्षे होऊन मूल नव्हते, मुले पुढे झाली. घरात माझे म्हणावे असे काही नव्हते. भांडी सासऱ्यांची, चूल सासूची, कोंबड्यासुद्धा नणंदेने ठेवायला दिलेल्या. कुत्र्याला मात्र कोणी आपले म्हणत नव्हते. म्हणून मी म्हटले, माझा.

मालकिणीकडे त्याला बिस्किटांची सवय होती. मी बिस्किटाचा तुकडा दाखवून "यू, यू" करायची. यायचा. पण सारखे बिस्कीट कुठून आणणार, म्हणून गूळ दिला. गुळावर तो खूश झाला आणि अंग खाजवायला लागला. कानामागचे केस गेले. मग जवळा दिला. आमच्याकडे सुकी मासळी कायम घरात असायची. जवळ्याचे चार दाणे हातात घेतले की तो विहिरीपासून पळत यायचा. पण जवळा खारट. तो भांडेभर पाणी प्यायचा आणि घरभर मुतायचा. मी दिवसभर फडके घेऊन त्याच्या मागे.

"पोर झालं न्हाय तरी फडकी धुवायला लागली," शेजारीण म्हणाली. मी तिच्या ओट्यावर जायचे बंद केले.

शेवटी पदराखाली घालून त्याला भिवंडीला गुरांच्या दवाखान्यात नेला. तिथे सगळे बैल आणि म्हशी. रांगेतला एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला, "बाय, ह्याला नांगराला जुंपतंस का गाडीला?" सगळे हसले. डॉक्टर हसला नाही. त्याने कान पाहिले, पोट दाबले आणि विचारले काय काय घालता. मी सांगितले.

"बिस्कीट बंद, गूळ बंद, मीठ तर अजिबात नको," तो म्हणाला. "कलेजी पाण्यात उकडा. मीठ-मसाला काही नाही. हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा करा. हाकेला आला की त्याच क्षणी द्या, मागाहून नाही. आणि पोट भरलेले असताना शिकवू नका. भरल्या पोटी तुम्ही तरी शिकाल का?"

नवरा शिफ्ट सुटल्यावर बाजारातून थोडी कलेजी आणू लागला. आषाढ महिना होता. कलेजीने काम केले, हे मी कबूल करते. कुत्रा ओट्याच्या टोकापासून यायचा, मग विहिरीपासून, मग बांधापासून. खाज बसली, केस आले. मी मनात म्हटले, गणपतीला अजून वेळ आहे, होईल.

आणि श्रावण लागला. आता हे काय मला माहीत नव्हते? जन्मल्यापासून दरवर्षी श्रावण येतो. अमावास्येला आम्ही सगळ्यांनी पोटभर खाल्ले, हंड्या-मडकी घासली, चूल सारवली. दुसऱ्या दिवशी नवरा रिकाम्या हाताने आला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आता गणपती जाईपर्यंत घरात मांस-मासळी नाही.

मी सासूला म्हटले, "आई, कुत्र्याला कसला श्रावन? मी बाहेर तीन दगड मांडून उकडते."

"मडकं कोनाचं?"

"जुनं घेते."

"हात कोनाचा? त्याच हातानं माज्या शंकराला पानी घालशील?"

कलेजीचा नाद मी सोडला. पण मी थोडा जवळा धुऊन, वाळवून, पदराच्या गाठीत बांधून ठेवला. धुतल्यावर मीठ जाईल, असा माझा विचार. सोमवारी देवळात बायका ओळीने बसल्या होत्या. पुढची एक जण नाक वर करून म्हणाली, "पुजाऱ्याच्या घरी सुकट भाजतात का गो?" सासूने माझ्याकडे पाहिले. घरी आल्यावर तिने माझ्या पदराची गाठ स्वतः सोडली, जवळा उकिरड्यात टाकला आणि मला पुन्हा आंघोळ करायला लावली.

तिथून पुढे माझी जी धावपळ झाली ती आठवली की अजून राग येतो. काकडीचे तुकडे केले, त्याने ते तोंडात घेऊन माझ्या पायावर ठेवले. उकडलेला भोपळा एक दिवस खाल्ला, दुसऱ्या दिवशी नाही. भाजलेले शेंगदाणे दिले, ते जसेच्या तसे बाहेर पडले. मिलोची भाकरी तर त्याने हुंगलीही नाही. त्याला तरी का बोलू, आम्हालाही ती घशाखाली जात नव्हती. तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा कडक भाजून बघितला. श्रावण सरता सरता दुसऱ्या शेजाऱ्यांची म्हैस व्याली, तिचा चीक मागून आणला आणि बिनगुळाचा खरवस उकडला. त्यावर तो आला, पण आधी हाताकडे बघायचा. हातात खरवस दिसला तर यायचा, नाही तर रस्त्याकडे तोंड.

आणि मी एवढी राबत असताना घरातले काय करत होते? नवरा शिफ्टवरून येताना भजी आणायचा आणि अर्धी त्याला घालायचा. "बिचारा तोंडाकडं बघतो गो," म्हणे. मी म्हटले, "तुमच्या तोंडाकडं सगलेच बघतात, सगल्यांना भजी घालता का?" त्यानंतर तो ओट्यावर यायच्या आधी रस्त्यातच घालू लागला. म्हणजे कुत्र्याला रस्त्यावर जायला आणखी एक कारण झाले.

सासूची तऱ्हा वेगळी. आमच्या घरी अशी रीत की दारातल्या मुक्या जीवाला पहिला घास दिल्याशिवाय घरच्या मोठ्या माणसाने जेवायचे नाही. ती ताट घेऊन ओट्यावर बसायची, "यू, यू" करायची, कुत्रा आला की भाकरीचा पहिला तुकडा मोडून द्यायची आणि मगच स्वतः खायची. सकाळी तसे, दुपारी तसे. मी सांगून पाहिले.

"आई, सकाळी त्याला घास देऊ नका. डॉक्टरनं सांगितलंय, भूक राहिली पायजे."

"दारात मुका जीव उपाशी ठेवून मी गिळू?"

"एवढे दिवस. गनपतीपर्यंत."

"तुज्या सासऱ्यानं तापात बी कधी गिळला न्हाय. डॉक्टरला सांग, तू गिळ."

शिकवायला सांगणारी तीच, आणि पोट भरून ठेवणारीही तीच. कोणाकडे जाऊन सांगायचे?

श्रावण संपला. हरतालिका आली. दुसऱ्या दिवशी गणपती. माझा उपास. सकाळपासून सारवण, तोरण, चौरंग, आणि मध्येच कुत्र्याचे शिकवणे. दुपारी मी खरवसाची वाटी घेऊन अंगणात उभी होते. खाडीच्या पुलाकडून भोंगा वाजला आणि कुत्रा सुटला. मी ओरडले. वाटी वर धरून ओरडले. त्याने एकदा वळून वाटीकडे पाहिले, आणि पुन्हा ट्रककडे. तो रस्त्याच्या मधोमध पोचला होता.

सासू विधवा, तिला हरतालिकेचा उपास नव्हता. ती ताट घेऊन नुकतीच ओट्यावर येऊन बसली होती. तिने पाहिले आणि रोज जेवताना करायची तसेच केले. आवाज चढवला नाही.

"यू, यू."

कुत्रा जागच्या जागी वळला. ट्रक गेला तेव्हा तो ओट्याची पायरी चढत होता. सासूने तुकडा मोडून त्याला दिला. भाकरी लाल मिलोची होती, आणि रात्रीची. त्याने ती खाल्ली आणि तिच्या पायाशी बसला.

वाटीतला खरवस तसाच होता.

सासू म्हणाली, "येतो की गो हाकेला. राहू दे मग."

"माज्या हाकेला न्हाय आला."

"तू त्याला रोज नवं नवं दाखवतंस. आज काकडी, उद्या भोपला. त्याला काय कलनार? माजी भाकर तीच, येल बी तीच." तिने दुसरा घास स्वतःच्या तोंडात घातला. "आन दाखवतंस कशाला? दाखवून बोलवायचं म्हंजे गिऱ्हाईक झालं."

उपाशी पोटी वाद घालण्याचे त्राण नव्हते.

असा कुत्रा राहिला. पुढे तो बरीच वर्षे जगला आणि रोज तिच्या खाटेखाली झोपला. गोचिड्या मी काढायची, कान मी पुसायची, खाज आली की कडुनिंबाचे पाणी मी उकळायची. विचारले तर लोक सांगायचे, म्हातारीचा कुत्रा.

त्या दुपारी जेवण आटोपून सासू उठली, ताट माझ्या हातात दिले आणि कुत्र्याकडे बघत म्हणाली, "अंग बघ त्याचं, धुरल्यानं माखलंय. उद्या पावनं येतील. धुऊन काढ."

मी विहिरीवर नेऊन त्याला धुतला.