आरशाची उंची

माझा दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे. तो बोटीवर इंजिनखोलीत काम करतो. वर्षातले बहुतेक महिने पाण्यावर, आणि घरी आला की पाहुणा. "आपलं घर झालं की कायमचा येतो," हे वाक्य त्याने वहिनीला इतक्या वेळा ऐकवलं होतं की तिच्या जागी मी असते तर फोन आपटला असता. वहिनी आपटणाऱ्यातली नाही. तिने ते वाक्य खरं धरलं आणि जमीन घेतली.

वहिनी शिवणकाम करते. भाड्याच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत मशीन आणि मागच्या खोलीत ती. मूलबाळ नाही. दारातून माणूस आत आला की तिची नजर आधी त्याच्या खांद्यांवर जाते, मग चेहऱ्यावर. एकदा घेतलेलं माप ती विसरत नाही. कितीतरी वर्षांनी आलेल्या बाईलासुद्धा टेप लावायच्या आधीच सांगते, कमरेत दोन बोटं वाढ आहे. बाया फुगतात, आणि पुढचा कपडा घेऊन पुन्हा तिच्याकडेच येतात. दादाचे शर्टही पूर्वी तीच शिवायची. पुढे तो बंदरांवर तयार कपडे घ्यायला लागला, आणि ते बंद पडलं.

घराचं काम आधी एका ठेकेदाराला दिलं होतं. तो यायचा, खड्ड्याकडे बघायचा आणि वहिनीला विचारायचा, "साहेब कधी येणार?" पाया भरला, आणि त्याला कुठेतरी मोठ्या इमारतीचं काम मिळालं. मग आज माणसं नाहीत, उद्या वाळू नाही, करत करत त्याने फोन उचलणंच सोडलं. वहिनीने दादाला कळवलं. दादा म्हणाला, मी आल्यावर बघू. त्यावर वहिनीने काय करावं? तिने सरळ सांगून टाकलं की मी माझं मीच बांधून घेते. दादा हसला म्हणे. "तुला जमेल?" असं विचारलं. ती म्हणाली, जमेल.

जमेल म्हणणं सोपं असतं. ठेकेदार नसला की गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन, फरशीवाला या सगळ्यांना एकमेकांच्या मागेपुढे उभं करायचं काम आपल्या गळ्यात पडतं. त्यातला प्रत्येकजण आल्या आल्या आधीच्या माणसाच्या कामाकडे बघून चुकचुकतो, हा या धंद्याचा नियमच दिसतो. वायरमन म्हणणार, गवंड्याने भिंत अशी का उचलली. प्लंबर म्हणणार, वायरमनने पाइप इथून का नेला. फरशीवाला तर कोणाचंच नाव न घेता नुसताच सुस्कारा सोडायचा. पहिले काही महिने वहिनीच्या नाकी नऊ आले. न्हाणीघराची फरशी बसली आणि बादलीभर पाणी ओतून बघितलं तर ते जाळीकडे जायचं सोडून रुबाबात दाराबाहेर चाललं. फरशीवाला म्हणाला, "थोडं येणारच." वहिनी म्हणाली, "उखडा." त्याने उखडली. त्या दिवसापासून माणसं तिला बाई म्हणायचं थांबली आणि शेठ म्हणायला लागली.

सुरुवातीला ती दादाला सगळं विचारायची. खिडकी केवढी, दार कुठल्या बाजूला उघडायचं, फरशी पांढरी की करडी. फोटो काढून पाठवायची. पण बोटीला रेंज असेल तेव्हा उत्तर, आणि इकडे कालवलेला माल काही थांबत नाही. गवंडी थापी हातात धरून उभा, आणि ही फोन धरून. शेवटी ती म्हणायची, करा असं. दुसऱ्या दिवशी दादाचं उत्तर यायचं, तोवर भिंत वाळलेली असायची. हळूहळू तिचं विचारणं निम्म्यावर आलं. पुढे ती नुसतं कळवायला लागली. आणि मग दादाचं उत्तर म्हणजे एक अंगठा, बास. मला त्या अंगठ्याचा इतका राग यायचा की विचारू नका. मी वहिनीला म्हटलंसुद्धा, माझा भाऊ आहे म्हणून सांगते, चांगला खडसाव त्याला. ती म्हणाली, "त्यांची सुट्टी साठतेय. एकदम येणार आहेत. तिकडे त्यांच्या डोक्याला ताप कशाला?"

मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. शाळा सुटली की परत येताना तिच्या बांधकामावर डोकवायचे. मी शिकवते, त्यामुळे माझ्या आवाजाने गवंडीही दचकायचे, त्याचा तिला थोडा उपयोग व्हायचा. स्लॅब ओतला त्यानंतरची एक संध्याकाळ मला आठवते. माणसं गेली होती. वहिनी स्लॅबवर नळी धरून पाणी मारत होती. ते एकदा मारून संपत नाही, सकाळ-संध्याकाळ मारावं लागतं, नाहीतर सिमेंटला भेगा पडतात. ती कडेला उभी, पाणी एकाच जागी पडतंय, आणि तिचं लक्षच नाही. मी हाक मारली तेव्हा तिने नळी पुढे सरकवली.

मी म्हटलं, घरी चल, जेवायलाच चल माझ्याकडे.

"दिवसभर इथे माणसं असतात गं," ती म्हणाली. "भांडतात, हसतात, रेडिओ लावतात. संध्याकाळ झाली की घमेली धुतात आणि आपापल्या घरी जातात. मी घर बांधतेय ना, तर सगळ्यात शेवटी मीच उरते इथे. तिकडे खोलीवर जायचा कंटाळा येतो."

त्यावर मी काहीतरी बोलले असेन, होईल आता, आलंच संपत, असलं. पोकळ बोलणं. तिचा एकटेपणा माझ्या जेवणाने भरून निघणारा नव्हता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तरी ती आली आणि जेवली.

शेवटचं काम न्हाणीघरातला आरसा लावायचं. मी तिथेच होते. टाइल नव्या, पांढऱ्याशुभ्र. प्लंबर आरसा धरून म्हणाला, "शेठ, किती उंचीवर?" वहिनी त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. त्याने तिच्या डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलची खूण केली, ड्रिल घातलं, चार स्क्रू आवळले. आरशात तिचा चेहरा बरोबर मधोमध आला. केसांत सिमेंट होतं. ती हसली आणि मला म्हणाली, "बघ वन्सं, झालं माझं घर." मला चिडवायचं असलं की ती वन्सं म्हणते. मीही हसले. आम्हा दोघींनाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. एक इतरांची मापं तोंडपाठ असलेली, आणि दुसरी दादाची सख्खी बहीण. आमच्या घरात सगळे ताडमाड उंच, दादा तर दाराच्या चौकटीखाली वाकून जाणारा. आणि वहिनी माझ्या खांद्याला लागते.

दादा आला. दोन मोठ्या बॅगा घेऊन आला. एवढं सामान बघून माझाही विश्वास बसला की हा आता कायमचा आला. वहिनीने आदल्या दिवशी मशीन बंद ठेवून घर दोनदा पुसलं होतं. दादा खोल्याखोल्यांतून फिरला. भिंतीवर हात फिरवून "छान झालंय" म्हणाला. खिडकी उघडून "छान झालंय" म्हणाला. कपाटाशी थांबून त्याने विचारलं, "हे उघडू का?" वहिनी हसत म्हणाली, तुमचंच आहे. पण कपाटात सगळीकडे तिचे कपडे, कापडाचे तागे, दोऱ्यांचे डबे. तिने घाईघाईने एक कप्पा रिकामा केला. अंधार पडला तेव्हा तो मधल्या खोलीत भिंत चाचपत उभा होता. "दिवा कुठला गं?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, दाराच्या डावीकडे. वहिनी डावखुरी आहे. घरातली सगळी बटणं डावीकडे आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिला रविवार आला. मी सकाळी चहाला गेले होते. न्हाणीघराचं दार उघडं होतं आणि दादा दाढी करत होता. आरशात स्वतःचा चेहरा दिसावा म्हणून त्याने दोन्ही गुडघे वाकवले होते, आणि मान पुढे काढली होती. शाळेत मुलांना शिक्षा म्हणून उभं करतात तसा तो उभा होता. बिचाऱ्याने आठवडाभर कुरकूर केली नव्हती. वहिनी चहाचा कप घेऊन माझ्याकडे येत होती, ती मध्येच थांबली. तिनेही बघितलं. कप तिने न बघताच माझ्या हातात दिला.

"माझ्या लक्षातच आलं नाही," ती मला हळूच म्हणाली. "मी त्यांचं माप धरलंच नाही गं."

मग ती कोपऱ्यातलं ड्रिल घेऊन आली. आता तिचं स्वतःचं ड्रिल होतं. कानावर पेन्सिल खोचलेली, गवंड्यांकडून उचललेली सवय. दारात उभी राहून म्हणाली, "अहो, सरळ उभे राहा. खूण करते. आरसा वर घेते."

दादा तसाच वाकलेला, गालाला फेस. "राहू दे. थोड्या दिवसांसाठी नवी टाइल कशाला फोडतेस?"

"किती दिवसांसाठी?"

त्याने वस्तरा पाण्यात बुडवला. मी कप खाली ठेवला.

"महिनाअखेर जायचंय," तो म्हणाला. "पुन्हा करारावर सही केलीय मी. तुला सांगणारच होतो."

मला वाटलं, आता ती ड्रिल फेकेल. निदान रडेल. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला होता आणि तोंड उघडायला मी अगदी टपलेली होते. पण वहिनीने कानावरची पेन्सिल काढली.

"तरी सरळ उभे राहा," ती म्हणाली.

तो सरळ उभा राहिला. तिने टाचा उंचावून त्याच्या डोळ्यांच्या रेषेत खूण केली. ती तिरकी आली, म्हणून खोडून पुन्हा केली. मग तिने आरसा उतरवला, स्टूल घेतलं आणि ड्रिल सुरू केलं. पांढरी भुकटी तिच्या केसांवर, त्याच्या खांद्यावर पडत होती. एका टाइलला केसाएवढी चीर गेली. दादा बाजूला उभा राहून आरसा धरून होता, आणि आरशात छत दिसत होतं.

जाण्याच्या आधी तो मला एकटाच भेटायला आला. मी त्याला काय काय बोलायचं ते ठरवूनच ठेवलं होतं, आणि बोललेही. बाईने एकटीने डोक्यावर छप्पर उभं केलं ते कोणासाठी, हे विचारलं. तो खाली बघत ऐकत राहिला.

"बोटीवर डोळे मिटून मला दिव्याचं बटण सापडतं," तो शेवटी म्हणाला. "इथे पाणी प्यायचं तर पेला कुठेय विचारावं लागतं. मी विचारलं की ती धावत येते. मला लाज वाटते. तिचं माझ्यावाचून काही अडलं नाही गं. मला वाटत होतं, थोडं अडलं असेल."

म्हणायला हवं होतं, अरे मूर्खा, तुझ्यावाचून तिचं सगळंच अडलं होतं, ती फक्त भिंती थांबवू शकत नव्हती. पण हे मला तो गेल्यावर सुचलं. तेव्हा सुचलं असतं तर तो थांबला असता की नाही, कोण जाणे. मी त्याला फक्त फोन करत जा म्हटलं. तो हो म्हणाला. आता फोन येतो, अधूनमधून.

परवा मी सकाळीच वहिनीकडे गेले. न्हाणीघरात ती स्टुलावर चढून केस विंचरत होती. खालच्या टाइलवर आधीच्या स्क्रूंची चार भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली, पण दिसतात. स्टूल डुगडुगत होतं. मी चिडले. म्हटलं, हे काय चालवलंयस, पडशील एक दिवस. प्लंबरला बोलव, नाहीतर तुझं ड्रिल आहेच, आरसा खाली घे. घरात तू एकटी आणि आरसा त्याच्या उंचीवर, याला काही अर्थ आहे का?

तिने वेणीचा पेड घट्ट ओढला. आरशातूनच माझ्याकडे बघितलं.

"असू दे," ती म्हणाली. "या घरात त्यांच्या मापाचं एवढं एकच आहे."

तिची वेणी होईपर्यंत मी स्टूल धरून उभी राहिले.