नानाचं गोदीतलं दार

साइटवर गेलेला माणूस दोन गोष्टी हमखास घेऊन येतो. ग्रीसने बरबटलेले कपडे आणि एखादा किस्सा. कपडे धुतले जातात. किस्से मात्र भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपसमोरच्या चहाच्या टपरीवर साठत जातात, आणि कुणी नवीन माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

त्यातले निम्मे किस्से नानाचे. नाना आमचा सिनियर फिटर. चाकणजवळच्या गावातला, जुन्या शेतकरी घरातला. जमीन एमआयडीसीत गेली, दोन गुंठे उरले, आणि नाना पाना हातात घेऊन आमच्याकडे आला. गेल्या हिवाळ्यात तो गेला. वय चोपन्न. आता त्याच्या नावावर नवीन किस्सा पडणार नाही, हे मला अजून नीट पचलेलं नाही. म्हणून आहेत तेवढे सांगून टाकतो.

*

आमचा धंदा हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीचा. गिऱ्हाइकं बहुतेक चाकणच्या प्रेस शॉपवाली. एकच गिऱ्हाईक जगावेगळं, ते म्हणजे किनाऱ्यावरची इंग्रजांच्या काळातली एक गोदी.

ओहोटीला समुद्राचं पाणी खाली जातं, पण गोदीतलं जाऊन चालत नाही, नाहीतर आत बांधलेली जहाजं चिखलात बसतील. म्हणून गोदीच्या तोंडाशी एक लांबलचक दगडी हौद आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना दुमजली घराएवढे लोखंडी दरवाजे. जहाज हौदात घ्यायचं, मागचा दरवाजा लावायचा, पाणी सारखं करायचं, मग पुढचा उघडायचा. याला लॉक म्हणतात. इतक्या वर्षांनंतरही ते रोज चालतं. दरवाजे ढकलणारे सिलिंडर आमच्याकडे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी, नाना आणि लातूरकडचा आमचा वेल्डर बबन, असे तिघं निगडीहून पहाटे निघालो. कुठल्याही कंपनीत नऊला हजर राहायचं, एवढंच आम्हाला माहीत. नऊच्या ठोक्याला पोचलो, तर लॉकचं गेट बंद आणि गेटमन दळवी काका शांतपणे डबा खात बसलेले.

"गेट कधी उघडतं?" मी विचारलं.

"भरतीला."

"भरती किती वाजता?"

"आज तीनला. उद्या बघा, पावणेचार तरी होतील. परवा आणखी पुढे."

नानाने बोटांवर हिशोब केला. मग दळवी काकांना म्हणाला, "म्हंजी तुमची शिफ्ट रोज पाऊन तास सरकती? मग युनियन काय करती?"

*

एकदा तिथला एक सिलिंडर काळपट-दुधाळ तेल ओकायला लागला. गोदीच्या साहेबांनी नमुना लॅबला पाठवला आणि रिपोर्ट येईपर्यंत कशालाही हात लावू नका म्हणून आम्हाला बसवून ठेवलं.

नानाने बोट तेलात बुडवलं, जिभेला लावलं, थुंकला. "खारट हाय. बाहेरचं सील गेलंय."

साहेब म्हणाले, "असं चालत नाही नाना. टेस्टिंग असतं."

"मी काय क्येलं मग?"

आठवड्याने रिपोर्ट आला. तेलात समुद्राचं पाणी. साहेबांनी स्वतः कागद आणून नानापुढे धरला. नानाने तो चष्मा लावून वाचला आणि परत दिला. "माझ्यापेक्षा ह्यांनी तोंड चांगलं धुतलं असंल," म्हणाला.

*

अकरा वर्षं आम्ही त्या लॉकवर गेलो आणि अकरा वर्षांत तिथून जहाज जाताना एकदाही बघितलं नाही. सांगून कुणाला खरं वाटत नाही. पण दुरुस्ती करायची ती लॉकचं गेट बंद असताना, आणि जहाज हलायच्या आधी बाहेरच्या माणसांनी लॉकच्या काठावरून निघायचं, असा नियम. आमची चाचणी संपायची आणि आत राहायचा पास संपायचा. जहाजाचा भोंगा आम्हाला ऐकू यायचा तो बाहेर टेम्पोत सामान भरताना.

बबन म्हणायचा, "मांडव आपून घालायचा अन् लगीन लागायच्या टायमाला आपल्यालाच हाकलून देतेत."

मला त्याचं काही वाटायचं नाही. बिल निघालं की मी मोकळा. नानाला मात्र ते लागायचं. भोंगा झाला की तो हातातलं सामान खाली ठेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. भिंतीपलीकडे काही दिसत नव्हतं.

*

नानाची बायको सुनंदा वहिनी. नवरा काय काम करतो असं कुणी विचारलं की त्या सरळ सांगत, "ह्ये दारं दुरुस्त करत्यात." गोदी, हायड्रॉलिक, सिलिंडर, हे सगळं ऐकून त्यांनी त्यातून एवढं सार काढलं होतं.

परिणाम असा की पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या बाथरूमचा दरवाजा फुगला, तर शेजारी रविवारी सकाळी नानाच्या दारात. नानाने रंधा कुठून तरी मागून आणला, दरवाजा उतरवला, तासून पुन्हा बसवून दिला. पुढच्या महिन्यात देवळाचा दरवाजाही त्याच्याकडेच आला.

मी म्हटलं, "नाना, सांगत का नाहीस लोकांना?"

"लोकांचं जाऊ द्या सुभाषराव. हिला एकदा दाखवायचंय. त्ये दार उघाडतंय आन् त्यातनं जहाज आत येतंय. मंग म्हनू दे काय म्हनायचं त्ये."

थट्टेत बोलला असेल असं मला वाटलं. थट्टा नव्हती. त्या दिवसापासून त्याने तेवढी एकच गोष्ट धरून ठेवली. सुनंदाला लॉक गेट दाखवायचं, जहाजासकट.

*

आत मोबाईल न्यायला बंदी, त्यामुळे व्हिडिओचा प्रश्न नव्हता. मग नानाने उरलेल्या दोन गुंठ्यांत, वांग्यांना पाणी देणाऱ्या चारीत, लॉक बनवलं. दोन टोकांना दोन फळ्या आणि जहाज म्हणून वहिनींची एक स्लिपर.

वहिनींना बांधावर बसवलं. पहिली फळी उचलली, स्लिपर आत घेतली, फळी लावली, पाणी सारखं होईपर्यंत थांबला. मग दुसरी फळी उचलली. लॉकने बरोबर काम केलं, स्लिपर सावकाश पुढे सरकली. पण पुढे तिला अडवायचं नानाच्या डोक्यातच आलं नाही. ती गेली ओढ्याला.

"कशी वाटली मग?" मी त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं.

"म्हनली, येवढ्यासाठी येवढं लांब जाता व्हय? आन् दुसरी चप्पल फेकून मारली."

*

वहिनींना गोदीत न्यायच्या पासासाठी त्याने तीन वेळा अर्ज केला. पहिल्या अर्जात 'भेटीचा उद्देश' या रकान्यात त्याने लिहिलं, 'बघणे'. अर्ज परत आला. दुसऱ्यात मी सांगितल्याप्रमाणे 'तांत्रिक माहिती घेणे' लिहिलं, तर वहिनींचं शिक्षण विचारणारा कागद आला. वहिनी चौथी पास. तिसरा अर्ज दळवी काकांनी लिहून दिला. ते निवृत्तीला आले होते आणि त्यांची स्वतःची बायको लॉक न बघताच गेली होती. त्यांनी काय लिहिलं ते सांगितलं नाही, पण पास मिळाला. दोघांचा, जोडीने. पुढच्या दुरुस्तीनंतरचा गुरुवार, भरती अकरा चाळीसची, पास असल्यामुळे काठावर उभं राहायला परवानगी.

अट एकच, पायात सेफ्टी शूज हवेत.

नानाने वहिनींच्या मापाचे शूज शोधायला सगळं भोसरी पालथं घातलं. मग वहिनींची प्रॅक्टिस सुरू झाली. रोज सकाळी नऊवारीचा ओचा नीट करून, पायात ते जड बूट घालून, अंगणात पाच फेऱ्या.

"म्हशीनं सुदीक वळून बघितलं," नाना टपरीवर सांगत होता. हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतका खूश मी त्याला कधी बघितला नाही, आणि आता तेच आठवलं की मला चहा जात नाही.

*

आता शेवटचा. हा टपरीवर कुणी सांगत नाही.

ज्या गुरुवारचा पास होता, त्या आठवड्यात सोमवारी काम सुरू केलं. असल्या कामात एक शिस्त असते. यंत्र उघडून आत जायच्या आधी प्रत्येकाने मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं. त्याला आपला फोटो आणि फोन नंबर असलेला टॅग. माणूस आत असताना कुणी चुकून यंत्र चालू करू नये म्हणून. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. साहेब असो की मालक, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

मंगळवारी संध्याकाळी वर्कशॉपमधून एक सील आणायला नाना परतला आणि रात्री गावी घरी राहिला. काम अर्धवट होतं, म्हणून कुलूप नियमाप्रमाणे तसंच राहिलं. बुधवारी सकाळी घरी दाढी करता करता तो खाली बसला, आणि उठला नाही.

दुपारी आम्ही त्याला पोचवला. मी आणि बबन स्मशानातून तसेच साइटवर गेलो, कारण जहाज बाहेर येऊन थांबलं होतं आणि गुरुवारची भरती चुकवून चालणार नव्हतं. उरलेलं काम बबनने केलं. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही आमची कुलपं काढली. स्विचवर नानाचं एकटं राहिलं. टॅगवरच्या फोटोत त्याने केसांना भरपूर तेल लावलं होतं.

चावी त्याच्या खिशात होती, ती त्या धावपळीत कुठे गेली कुणाला माहीत नाही. घरी जाऊन मागायची आमची छाती नव्हती, आणि चावी असती तरी दुसऱ्याने उघडायचं नव्हतं. कुलूप तोडायचं तर फॉर्म भरावा लागतो. गोदीच्या सेफ्टी ऑफिसर मॅडम तो घेऊन आल्या. वयाने लहान, चेहरा उतरलेला. त्यांना सगळं माहीत होतं.

"सर, मला खूप वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण एकही रकाना मोकळा सोडता येत नाही."

पहिला रकाना, टॅगवरच्या नंबरवर संपर्क केला का. माझा मोबाईल बाहेर गेटवर जमा होता. मॅडमनी ऑफिसचा फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकरवर ठेवला. नानाचा नंबर. दोन रिंगमध्ये उचलला गेला.

"कोन?"

"वहिनी, मी सुभाष."

"बोला भावजी."

बबन दुसरीकडे बघत होता. दळवी काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"वहिनी, नानाचं कुलूप राहिलंय इथे. ते तोडावं लागतंय. पण तोडायच्या आधी विचारायचं असतं, माणूस यंत्राच्या आत नाही ना, म्हणून."

फोनमध्ये मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"न्हाई भावजी," वहिनी म्हणाल्या. "आत न्हाईत त्ये. मी बघितलंय."

मॅडमनी दुसऱ्या रकान्यात खूण केली.

"जहाज आलंय का?"

"आलंय वहिनी. बाहेर उभं आहे."

"मंग तोडा. त्याला थांबवू नगा."

तिसरा रकाना मी वाचला आणि फॉर्म मॅडमच्या हातात परत दिला. मला ते विचारता येणार नव्हतं. मॅडमनी स्वतःच विचारलं, फार हळू आवाजात. "कुलपाचे मालक कामावर परत येण्याआधी, त्यांचं कुलूप तोडल्याचं त्यांना कळवलं जाईल का?"

"त्ये मी सांगीन त्यांला," वहिनी म्हणाल्या. "तुमी तितं व्हय लिवा."